तिवरे मढची, भाषा हायकोर्टाची

मढच्या खाडीकाठचे एखादे तिवर सरकारी प्रकल्पासाठी तोडायचे झाले, तर त्याची परवानगी मंत्रालयात किंवा महापालिकेत मिळवून भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाने राज्यभरातल्या कांदळवनांची तोड बंद झाली. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असला तरी आधी उच्च न्यायालयाची अनुमती घ्यावी लागेल, असे त्या निकालाने ठरवले. कांदळवन नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, अशी न्यायालयाची भूमिका होती. डोल लावून जगणाऱ्या मढच्या कोळ्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण मासळीची पिल्ले कुठे वाढतात हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. निकाल त्याच्या बाजूचा होता. परंतु त्या निकालामुळे मढ आणि वेसाव्यामधल्या खाडीवरच्या पुलासारखे प्रश्न फोर्टातल्या ज्या दालनात जाऊ लागले, तिथली याचिका इंग्रजीत असते, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत असते आणि निकालही इंग्रजीतच लिहिला जातो. ही काही त्या दालनातल्या न्यायमूर्तींची आवड नव्हे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३४८ मध्ये तसे लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रात भाषेच्या हक्काचा इतिहास सांगताना आपण हुतात्मा चौकापाशी सुरुवात करतो आणि १ मे १९६० ला थांबतो. माझे म्हणणे असे की तो इतिहास त्या दिवशी अर्ध्यावर आला होता. राज्यकारभाराची भाषा आपण लढून मिळवली, न्यायाच्या वरच्या पायरीची भाषा मात्र वसाहतीच्या कायद्यातून जशीच्या तशी घटनेत उतरली. तिच्याबद्दल आपण कधी नीट भांडलोच नाही.

मढ ज्यात मोडते त्या साष्टी बेटाने तीन राजवटी पाहिल्या. १५३४ पासून पोर्तुगीज, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेनंतर मराठे, १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला पडल्यावर इंग्रज. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांचा ताबा कायम झाला. मढच्या टोकावरचा पोर्तुगीज बांधणीचा किल्ला या तिन्ही हातांतून गेला. या राजवटींची भाषेशी वागण्याची तऱ्हा वेगवेगळी होती. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. इंग्रजांनी असले काही केले नाही. उलट त्यांनी मोल्सवर्थकडून १८३१ मध्ये मराठीचा भक्कम कोश करून घेतला, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके मराठीत काढली, मामलेदार कचेरीपासून तालुक्याच्या न्यायालयापर्यंतचा कारभार मराठीत चालू दिला. म्हणून इंग्रजांनी मराठी दडपली असे सरसकट म्हणणे खरे नाही, आणि ते म्हटल्याने आपला मुद्दा दुबळाच होतो. त्यांनी केले ते अधिक टिकाऊ होते. त्यांनी मराठीला तळमजला दिला आणि जिना इंग्रजीत बांधला. रयतेने सारा भरावा, अर्ज करावा, साक्ष द्यावी ती मराठीत. त्या साऱ्याचा, अर्जाचा आणि साक्षीचा शेवटचा अर्थ लावायचा तो इंग्रजीत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३७ पाहावे. न्यायालयाची भाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्यात प्रांतिक सरकारला आहे, पण फक्त उच्च न्यायालयाच्या हाताखालच्या न्यायालयांपुरता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम २२७ तर एका ओळीचे आहे : प्रत्येक उच्च न्यायालयातले सर्व कामकाज इंग्रजी भाषेतच होईल.

आता १४ सप्टेंबर १९४९ कडे यावे. संविधान सभेत भाषेवर झालेल्या वादाचा तो शेवटचा दिवस. वाद हिंदीचा होता, अंकांचा होता, इंग्रजीला किती वर्षे ठेवायचे याचा होता. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नावाने ओळखली जाणारी तडजोड त्या दिवशी मंजूर झाली. केंद्राच्या कारभारात इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत मिळाली, आणि त्या पंधरा वर्षांवरून पुढे देशभर किती रणे माजली हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्याच भागात न्यायालयांविषयीचे कलम होते आणि त्याला मुदतच नव्हती. संसद कायद्याने वेगळे काही ठरवीपर्यंत सर्वोच्च न्यायालय आणि प्रत्येक उच्च न्यायालय यांचे कामकाज इंग्रजीत चालेल, एवढेच त्यात म्हटले होते. १९३५ चे कलम २२७ आणि १९५० चे कलम ३४८ शेजारी ठेवून वाचले तर मध्ये स्वातंत्र्य येऊन गेले हे केवळ वाक्यरचनेवरून ओळखू येणार नाही. राज्याच्या विधिमंडळाने आपल्या भाषेत कायदा केला तरी राज्यपालाच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर हाच अधिकृत पाठ मानावा, अशी तरतूदही त्याच कलमात आहे. मूळ मराठीत जन्मलेल्या कायद्याचा प्रमाण पाठ त्याच्या भाषांतरात शोधायचा, ही उलटी गंगा आजही वाहते आहे.

घटनेने भाषेचे हक्क दिलेच नाहीत असे यावरून कोणी समजू नये. तिने ते दिले, पण कोणाला दिले हे बारकाईने पाहिले पाहिजे. मुंबई राज्याच्याच दोन खटल्यांतून ते स्वच्छ दिसते. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने एक परिपत्रक काढले : अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुले सोडून इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांना बळ देण्याचा होता. नाशिकजवळच्या देवळालीची बार्न्स शाळा न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि अल्पसंख्याकांच्या संस्थेला आपली शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. परिपत्रकापासून निकालापर्यंत पाच महिनेही लागले नाहीत. दुसरा खटला बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी आले तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेने मात्र ऐनवेळी ते बदलून एक विशाल द्वैभाषिक राज्य केले. ज्या योजनेवर आमचे मतच विचारले नाही ती आमच्यावर लादता येत नाही, असे पराते यांचे म्हणणे. ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. तिसऱ्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींनी विधेयक विधिमंडळाकडे एकदा पाठवले की पुरे. संसदेने पुढे काय दुरुस्ती केली यासाठी पुन्हा विचारावे लागत नाही, आणि विधिमंडळाचे मत संसदेला बांधीलही नाही. दोन्ही निकाल घटनेच्या शब्दांना धरूनच होते, त्यांत अन्याय शोधायला जाऊ नये. पण दोन्ही मिळून ते काय सांगतात? व्यक्तीचा, संस्थेचा, अल्पसंख्याकांचा भाषिक हक्क न्यायालयात मागता येतो. एका सबंध भाषिक समाजाला आपल्या भाषेत राज्य चालवावेसे वाटले तर त्याला न्यायालयाचे दार नाही. त्याला रस्ता आहे आणि मतपेटी आहे.

रस्त्यावर काय घडले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची नेहरूंची घोषणा आणि त्यानंतरचे रक्तरंजित दिवस, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दिलेला धक्का. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते. हौतात्म्याचे मोल कमी करण्यासाठी हे म्हणत नाही. पण दिल्लीला जे दुःखाने पटले नाही ते आकड्याने पटले, एवढे त्या तीन वर्षांचा क्रम पाहून म्हणता येते.

त्या काळी समितीविरुद्ध मांडलेला सर्वांत जड युक्तिवाद लोकसंख्येचा होता. मुंबईत मराठी भाषक निम्म्याहून कमी आहेत, मग मुंबई महाराष्ट्राची कशी, असे पुरुषोत्तमदास ठाकूरदास आदी मंडळींची नागरिक समिती विचारत होती. आकडा खोटा नव्हता. मात्र तो मोजताना शहर कुठे संपते हे आधी ठरवावे लागते, आणि मढसारखी गावे नेमकी इथे अडचण करतात. १९५० मध्ये मुंबई जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली. मालाडपलीकडची बोरिवली तालुक्यातली गावे, मढ त्यांतच, बृहन्मुंबईत आली ती १९५७ मध्ये, म्हणजे मुंबई कोणाची हा वाद ऐन भरात असताना. मढ, भाटी, एरंगळ इथले लोक मुंबईत राहायला आलेले नाहीत, मुंबई त्यांच्याकडे राहायला आली आहे. आणि त्यांची मराठी एका धर्माचीही नाही. साष्टीतल्या ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव धारण केले, तो घरात मराठीचीच एक बोली बोलत होता. नोकरीत गोव्याहून येणाऱ्या ख्रिश्चनांपासून आपण वेगळे ओळखू यावे आणि कंपनी सरकारची जुनी रयत म्हणून आपला विचार व्हावा, हा त्या नावामागचा व्यवहार होता. नाव इंग्रजी, प्रार्थना एकेकाळी लॅटिन, लग्नातली गाणी मराठी. मुंबईचा हक्क शिरगणतीच्या एका रकान्यावर ठरवणाऱ्यांना हा समाज कोणत्या रकान्यात टाकावा हे सुचले नसते. डॉ. आंबेडकरांनीही १९४८ मध्ये भाषावार प्रांतांचा विचार करणाऱ्या धर आयोगापुढे मुंबई महाराष्ट्रातच असली पाहिजे असे मांडले होते, आणि १९५५ मध्ये मात्र मुंबईचे स्वतंत्र नगरराज्य व उरलेल्या महाराष्ट्राचे तीन भाग सुचवले. त्यांच्या मतबदलाचा उल्लेख दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्धा करतात. त्यांना सतावणारा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता : भाषेच्या नावाने जे बहुमत सत्तेवर येईल ते दुबळ्यांचे काय करील?

दरम्यान दिल्लीत आणखी एक कागद तयार होत होता, ज्याकडे आंदोलनाच्या धामधुमीत कोणाचे लक्ष गेले नाही. घटनेप्रमाणे १९५५ मध्ये पहिला राजभाषा आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष होते बाळ गंगाधर खेर, मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री. उच्च न्यायालयांचे निकाल, हुकूमनामे आणि आदेश पुढेमागे सर्व प्रदेशांत हिंदीत असावेत अशी शिफारस या आयोगाने केली. म्हणजे मराठी अध्यक्षाच्या आयोगानेही मराठीला वरच्या मजल्यावर नेले नाही, तिथला भाडेकरू तेवढा बदलायचे सुचवले. त्यानंतर गोविंद वल्लभ पंत यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ही शिफारस सौम्य केली. हिंदीबरोबर राज्यांच्या राजभाषांनाही, राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने, हा मार्ग मोकळा असावा असे तिने म्हटले. राष्ट्रपतींनी ते स्वीकारून आदेश काढला त्याची तारीख २७ एप्रिल १९६०. चारच दिवसांनी शिवाजी पार्कवर महाराष्ट्राच्या जन्माचा सोहळा झाला. १९६३ च्या राजभाषा कायद्यातले सातवे कलम याच आदेशाचे फळ आहे : राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या निकालासाठी हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरू देऊ शकतात, सोबत इंग्रजी भाषांतर असले की झाले. कामकाजापुरती तशीच सोय कलम ३४८ च्या दुसऱ्या खंडात मुळातच आहे.

नव्या राज्याने तळाच्या आणि मधल्या मजल्यावर बरेच काही केले. जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि त्याने पदनामांपासून न्यायव्यवहारापर्यंतचे कोश केले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी शासनाची भाषा झाली. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना यायला १९९८ उजाडले, आणि स्थानिक प्राधिकरणांसाठी स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये झाला. या वाटेवर आंबेडकरांच्या प्रश्नाची परीक्षा दोनदा झाली. गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिले तेव्हा, २००४ च्या उषा मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. जिथे राहायचे तिथली भाषा एक विषय म्हणून शिकण्याने अल्पसंख्याकांचा हक्क जात नाही. उलट बाजूने, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू का, या तक्रारीवर एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने उर्दूच्या बाजूने निर्णय दिला. २०२२ चा कायदा मराठी आवश्यक करतो, दुसऱ्या लिपीला बंदी करत नाही. मला हे दोन्ही निकाल एकाच न्यायाचे वाटतात. फक्त एक गोष्ट खटकते. आपली भाषिक जिद्द अलीकडे पाट्यांवर जास्त खर्च होते. पाटी डोळ्यांना दिसते, तिचा फोटो निघतो. कलम ३४८ चा फोटो निघत नाही.

उच्च न्यायालयात मराठी आणू नये म्हणणाऱ्यांची कारणे हलकी नाहीत. न्यायाधीशांच्या बदल्या राज्याराज्यांत होतात. मुंबई उच्च न्यायालयाचे क्षेत्र गोवा, दमण, दादरा-नगर हवेलीपर्यंत आहे. एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्यात आधार म्हणून वाचला जातो. हे सारे खरे, पण यातले बहुतेक आक्षेप निकालासोबत इंग्रजी भाषांतर सक्तीचे करून सातव्या कलमानेच आधी निकालात काढले आहेत. आणि ही सोय व्यवहारात चालू शकते याचे पुरावे आहेत : राजस्थानात १९५० पासून, उत्तर प्रदेशात १९६९, मध्य प्रदेशात १९७१ आणि बिहारमध्ये १९७२ पासून उच्च न्यायालयांत हिंदी वापरण्यास संमती आहे. त्या राज्यांतही परराज्यातले न्यायाधीश येतातच. चारही ठिकाणी भाषा हिंदी हा योगायोग मानायचा असेल तर मानावा. मराठीत कायद्याची परिभाषा नाही, हा दुसरा आक्षेप. परिभाषा आहे, ती कृत्रिम आणि संस्कृतजड आहे ही तक्रार मात्र मला मान्य आहे. पण शब्द कोशात घालून पिकत नाहीत, वापराने पिकतात. फिर्याद, दावा, जामीन, वहिवाट, कूळ हे शब्द कोण्या समितीने घडवले नव्हते, अर्ज लिहिता लिहिता आणि साक्षी देता देता ते मराठी झाले. वरच्या न्यायालयात मराठी चालत नाही म्हणून तिची परिभाषा कच्ची, आणि परिभाषा कच्ची म्हणून ती चालू द्यायची नाही, या चक्रात शिरले की बाहेर येणे नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो खालच्या थरातून येतो. ज्यांना जुन्या मराठी समाजाने विद्येपासून दूर ठेवले त्यांना इंग्रजीने दार उघडून दिले, आता ते दार मराठीच्या नावाने लावू नका. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, आणि १९५४ चे परिपत्रक नेमके असेच दार लावू पाहत होते. म्हणून ते पडले ते बरेच झाले. परंतु इंग्रजी शिकण्याचा हक्क वेगळा आणि इंग्रजी न येण्याची शिक्षा वेगळी. मढच्या कोळिणीच्या नातीने इंग्रजीत वकिली करावी, अवश्य करावी. पण त्या कोळिणीच्या वाड्याबद्दलचा निकाल तिला स्वतः वाचता यावा, ही मागणी कोणाचेही दार लावत नाही.

हा काही पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. किनाऱ्यावर काय बांधता येते हे १९९१ पासून केंद्राच्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने ठरते. २०११ च्या अधिसूचनेत तर बृहन्मुंबई आणि तिथल्या कोळीवाड्यांसाठी वेगळी कलमे आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती सबंध अधिसूचना बदलली. १९६३ चा राजभाषा कायदा केंद्राला अशा अधिसूचना हिंदी आणि इंग्रजीत काढायला लावतो. मराठीचे त्याच्यावर बंधन नाही. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा आला तेव्हा हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ज्यांची मते मागवायची त्यांना मसुदा कळला पाहिजे, म्हणून आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत तो प्रसिद्ध करा, असा आदेश ३० जून २०२० रोजी झाला. केंद्र सरकारने भाषांतर करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालय गाठले. तिथे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी, राजभाषा कायद्यातच दुरुस्ती करण्याचा विचार करा, असे सरकारला सुचवले. नागपूरहून आलेल्या सरन्यायाधीशांची ती सूचना होती. कायदा अजून तसाच आहे.

सातवे कलम वापरण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याने मागावे, राज्यपालांनी पाठवावे, राष्ट्रपतींनी संमती द्यावी, इतकाच मार्ग आहे. १९६५ पासून त्यात सरन्यायाधीशांचा सल्ला घेण्याचा पायंडा पडला आहे, आणि तो सल्ला अनुकूल नाही : ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीने काही राज्यांचे प्रस्ताव नाकारले. आपापल्या उच्च न्यायालयात आपली राजभाषा मागणारी ती राज्ये होती तमिळनाडू, कर्नाटक, पश्चिम बंगाल, छत्तीसगड आणि महाराष्ट्राबरोबर त्याच दिवशी जन्मलेले गुजरात. त्या यादीत महाराष्ट्राचे नाव नव्हते.